खालून मोजलेलं रान

जेसीबी ट्रेलरवरून खाली उतरला होता. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बोला, कुठनं घालू?" आणि नेमकी त्याच वेळी ठमाबाई कुदळ घेऊन प्लॉटच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"पयला खड्डा माझ्यासाठी खणा," ती म्हणाली. "मला गाडा, मंग लावा तुमची रोपं."

मी वनपाल आहे. ऑफिसात राउंड ऑफिसर म्हणतात. तीन-चार वनरक्षकांच्या हद्दी मिळून एक राउंड होतो, त्याची जबाबदारी माझ्यावर. माझा राउंड आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. घोडेगावहून निघालेली एसटी जिथे वळते, तिथून वाडीपर्यंत अर्ध्या तासाची चढण आहे. ठमाबाई त्या वाडीतली. वय साठीच्या पुढे, आवाज विशीतला.

तिच्या रागाला कारण होतं. या वाडीचं भातनाचणीवर पोट भरतं आणि वरखर्च हिरड्यावर चालतो. हिरड्याचं कोवळं फळ, म्हणजे बाळहिरडा, उन्हाळ्यात काढून वाळवतात आणि विकतात. जंगल सरकारी आहे, पण त्यातला एकेक हिरडा कुठल्या घरचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. कागदावर ओळ नाही, तरी दुसऱ्याच्या झाडाला कोणी हात लावत नाही. ठमाबाईच्या घरची अकरा झाडं होती. त्या दिवशी त्यातलं एकही जिवंत नव्हतं.

झालं होतं असं. आधी चक्रीवादळ आलं. उतारावरची कितीतरी झाडं आडवी झाली. पंचनामा झाल्याशिवाय पडलेल्या लाकडाला हात लावायचा नाही, असा नियम. पंचनामे झाले, पण लाकूड हलायला वर्ष गेलं. तेवढ्यात त्या ओल्या ओंडक्यांत भुंगेऱ्यांनी अंडी घातली. या भुंगेऱ्याची अळी सालीखाली बोगदे करत जाते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळाकडे जातं. तो थर चहूबाजूंनी कुरतडला की झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. धडधाकट झाड डिंक सोडून अळीला तिथेच बुडवतं. पण वादळाने हलवलेल्या झाडांत तेवढा जीव नव्हता. बुंध्याशी पिठासारखा भुसा दिसायला लागला आणि दोन वर्षांत सगळा उतार राखाडी झाला.

मग माझा रिपोर्ट. मार्च महिन्यात मी टेप घेऊन तिथे गेले. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखायचे आणि आत आपसूक उगवलेली किती रोपं आहेत ते मोजायचं, याला आम्ही पुनरुत्पत्तीची पाहणी म्हणतो. आठवड्यापूर्वीच वणवा गवत जाळून गेला होता. जमीन काळी, वर वाळकी झाडं. एका चौकोनात शून्य. दुसऱ्यात शून्य. सगळ्यांत शून्य. मी लिहिलं, "नैसर्गिक पुनरुत्पत्ती: निरंक." खाली सही, शिक्का.

त्या एका शब्दावर पुढचं सगळं ठरलं. मेलेली झाडं तोडायची, खोडं मुळासकट उपटायची, जेसीबीने खड्डे घ्यायचे आणि नर्सरीतली रोपं लावायची. कागदावर योजना इतकी देखणी दिसत होती की मलाच माझं कौतुक वाटलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "मेलेलं रान आहे हे. नवीन झाडं लावतोय. तुमच्याच भल्यासाठी ना?"

"मेलंय? कुनी सांगितलं?"

"मी मोजलंय."

"तुमी वरून मोजलं. खालून मोजा." असं म्हणून तिने कुदळ उचलली आणि पायाजवळ चार घाव घातले. मग खाली बसून हाताने माती बाजूला केली.

आधी मला काहीच दिसलं नाही. मग जळलेल्या काडीपेटीच्या काडीएवढा एक काळा खुंट दिसला. असले खुंट मी मार्चमध्ये शंभर तुडवले असतील. त्याच्याखाली माती सरली आणि मूळ दिसलं. गाजराएवढं जाड! ठमाबाईने नखाने ते खरवडलं. आत पिवळसर, ओलं. जिवंत!

"ह्यो हिरडा," ती म्हणाली. "दर पावसाळ्यात ईतभर उठतो, उन्हाळा आला की वरून मरतो. वर मोठ्या झाडांची सावली, खाली ह्येला ऊन कुठलं? पर मूळ मरत न्हाई. दर साली जाड व्हतंय. आमी कंद खणाया येतो तवा कुदळीला ह्येच आडवं येतंय. लई कटकट व्हती ह्येची."

मी उकिडवी बसले ती उठलेच नाही. ड्रायव्हरकडून टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, मागून घेतली आणि खणायला लागले. दुसरं मूळ. तिसरं. एक ऐनाचं, त्याच्या शेजारी परत हिरड्याचं. टिकली घामात वाहून गेली, नखांत माती गेली, आणि मला एकटीलाच हसू येत होतं. वाटत होतं, की कुणाला तरी मिठी मारावी, पण ठमाबाई खणत पुढे गेली होती आणि जवळ ड्रायव्हर सोडून कोणी नव्हतं. डोक्यात एकच हिशेब फिरत होता. ही मुळं वर्षानुवर्षं अंधारात ताकद साठवून बसली आहेत. आता वरची सावली गेली. आता त्यांची पाळी. आणि आपण नेमका आत्ता जेसीबी घालून ती उपटणार होतो!

लाजही वाटली, खोटं कशाला सांगू? माझं माहेर खोडदचं. वडलांची मेंढरं होती. मेंढरांनी बुडापर्यंत खाल्लेलं झुडूप पुन्हा फुटतं, हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघितलेलं. पण रिपोर्ट लिहिताना मी मेंढपाळाची मुलगी नव्हते, राउंड ऑफिसर होते.

वाडीच्या वरच्या कातळावर रेंज मिळते. तिथून मी आरएफओ साहेबांना फोन लावला. आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, आमचे बॉस.

"साहेब, काम थांबवलंय."

"कुणाच्या परवानगीने?"

"तीच मागायला फोन केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले. उंच, कमी बोलणारा माणूस. मी मुळं दाखवली. त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे हिरड्याचं कशावरून? आणि बी आलं कुठून? बाळहिरडा तर ही माणसं सगळा काढतात. फळ पिकूच देत नाहीत, तर जमिनीत बी कसं पडेल?"

प्रश्न बिनतोड होता. मी ठमाबाईकडे पाहिलं. उत्तर तिच्याकडे होतं.

"सगळा न्हाई काढत, सायेब. शेंडा सोडतो. शेंड्याचा हिरडा देवाचा. त्येला हात लावला तर फुडच्या साली झाड रुसतं. त्यो पिकतो, पडतो, वानरं इकडंतिकडं नेत्यात."

साहेबांनी हातातलं मूळ खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "म्हातारीच्या शब्दावर मी मंजूर काम रद्द करू शकत नाही. आणि तुमच्या शब्दावर तर नाहीच. तुमचा एक शब्द फायलीत आहे."

"मग सिद्ध करते, साहेब. एका चौकोनाला रोज पाणी घालू. मुळं जिवंत असतील तर पावसाची वाट न बघता फुटतील."

"किती दिवस?"

"दहा."

"जेसीबी दहा दिवस वनतळ्याच्या कामावर पाठवतो. अकराव्या दिवशी इथे. चौकोन मात्र मी निवडणार." आणि त्यांनी निवडला तो उताराचा सगळ्यात खडकाळ कोपरा. ठमाबाई माझ्या कानात म्हणाली, "सायेब लई बेरकी हाये." मी मान हलवली. त्यांच्या जागी मीही तोच निवडला असता.

चौकोन आखला आणि मग लक्षात आलं की मे महिना आहे. वाडीची विहीर तळाला गेलेली. एक हंडा भरायला बाया तासभर बसत होत्या. आणि मी मागत होते रोज दर घरामागे एक कळशी, तीही वाळक्या रानात ओतायला.

देवळापुढे वाडी जमली. एक बाई तावातावाने म्हणाली, "मानसाला प्याया न्हाई आन मुडद्याला आंघूळ?" बाकीच्या हसल्या. मला तोंड वर करवेना. तिचं काही चुकत नव्हतं.

ठमाबाई उठली. "मी धा दिस आंगूळ करनार न्हाई. माझ्या वाटचं पानी रानाला. वास आला तर लांब बसा."

कुणीतरी म्हणालं, "तसा बी येतोच!" आणि त्या हशात काम झालं. दुसऱ्या दिवसापासून कळश्यांची रांग चढणीला लागली. आदल्या दिवशी तावातावाने बोललेली बाई सगळ्यात पुढे होती.

पहिला दिवस, दुसरा, तिसरा. काही नाही. पाणी पडायचं आणि खडक ते पिऊन टाकायचा. पाचव्या दिवशीही काही नाही. सहाव्या दिवशी मी एक खुंट नखाने खरवडून पाहिला, तर ठमाबाईने माझ्या हातावर चापट मारली. "सारखं उघडून बघितलं तर भात शिजंल का?"

आतून मात्र मी हादरले होते. बायांच्या तोंडचं पाणी मी मातीत घालत होते. काही उगवलं नसतं तर नोकरी गेली नसती, पण त्या वाडीत पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. ठमाबाईचं नुकसान त्याहून मोठं होतं. जेसीबी फिरला असता तर तिच्या घरच्या हिरड्यांचं उरलंसुरलं मूळही गेलं असतं.

आठव्या दिवशी सकाळी मी चढण चढत होते, तेवढ्यात वरून आरोळी आली. "ताईऽऽ! आवो ताईऽऽ!" मी युनिफॉर्ममध्ये धावले. दोनदा घसरले, गुडघा फुटला. वर पोचले तर बाया गोल करून उभ्या, आणि मध्ये एका काळ्या खुंटाच्या बुडाशी तांबूस कोंब. बोटाच्या पेराएवढा. दोन पानं अजून मिटलेली, त्यांच्यावर रेशमासारखी लव. हिरडाच! मी अशी ओरडले की समोरच्या कड्यावरची वानरं पळाली. मग आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. "हितं बी हाये!" "ह्यो बगा!" "पाय काढ गं, त्याच्यावर हायेस तू!"

अकराव्या दिवशी साहेब आले. मागून जेसीबीही आला. साहेबांनी टेप स्वतः धरला, कोंब स्वतः मोजले, दोनदा. ऐन, जांभूळ, करवंद वेगळे काढले.

"हिरडे किती?" त्यांनी मला विचारलं, मोजलेले असूनसुद्धा.

"चार, साहेब."

"शंभर चौरस मीटरला चार. म्हणजे हेक्टरी चारशे. तेही या खडकात." त्यांनी टेप गुंडाळला. "आपण नर्सरीची रोपं लावतो. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातली एवढी जगतात का?"

वाडी ऐकत होती, ड्रायव्हर ऐकत होता. "नाही साहेब," मी म्हटलं. "बऱ्याच ठिकाणी नाही जगत."

त्यांनी ड्रायव्हरला हाताने खूण केली: वळव. बायांनी एवढा गलका केला की जेसीबीचा आवाज त्यात बुडाला. ठमाबाई ओरडली नाही. ती म्हणाली, "आता घरी जाते. आंगूळ करते."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आधीचा रिपोर्ट चुकला, हे लेखी द्या." मी दिलं. आठ दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस आली. म्हणजे, तुमच्यावर कारवाई का करू नये, याचं उत्तर द्या. उत्तरात मी लिहिलं, "सदर पाहणी चुकीच्या महिन्यात व फक्त जमिनीच्या वर केली." ताकीद मिळाली. ती माझ्या सर्व्हिस बुकात आहे आणि बरोबर आहे.

पुढे आम्ही फार थोडं केलं. पायवाटेवर पडतील अशी मेलेली झाडं काढली, बाकीची उभी ठेवली. भुंगेरा वाळलेल्या लाकडात राहत नाही, त्याला ओलं लागतं. खायला संपलं तसा तो कमी झाला. सालीत उरलेल्या अळ्या सुतारपक्ष्यांनी टिपल्या, दिवसभर रानात त्यांची ठकठक चालायची. वाडीने दर हिवाळ्यात कडेने गवत कापून जाळरेषा काढली, म्हणजे वणवा आत शिरू नये. चराई बंद ठेवली. उताराच्या अगदी वरच्या टोकाला मातीच वाहून गेली होती, तिथे काही उठलं नाही. तिथे मात्र रोपं लावावी लागली, हाताने, आणि त्यातली निम्मी मेली. बाकीच्या रानात तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी गेले, तेव्हा हिरडे माझ्या कमरेच्या वर होते. जमिनीखालची इतक्या वर्षांची बचत पोरं तीन वर्षांत उधळत होती.

मी या सगळ्यातून शिकले ते एवढंच. उन्हाळ्यात जंगल मोजायचं असेल, तर टेपबरोबर कुदळ न्या आणि त्या वाडीतली एखादी म्हातारी न्या. दोन्हींपैकी एकच नेता येत असेल, तर म्हातारी न्या. कुदळ ती स्वतःच आणते.

यंदा वाडी पुन्हा जमली. जुनी झाडं गेली, मग नवी कुणाची, हे ठरवायला. दिवसभर भांडण झालं आणि संध्याकाळी वाटणी झाली. झाड आपल्या घरचं आहे हे दाखवायला बुडाशी तीन दगड रचतात. ठमाबाईने आपल्या झाडांना दगड रचले. मग खडकाळ कोपऱ्यातल्या एका हिरड्याशी मला नेलं. तिथेही तीन दगड होते.

"ह्यो तुमच्या घरचा," ती म्हणाली. "वाडीनं सांगितलंय."

मी डोळे पुसले आणि तिला नियम समजावला. सरकारी नोकराला भेट घेता येत नाही. घेतलीच, तर वरिष्ठांना लेखी कळवावी लागते.

अजून कळवलेली नाही.