साचाखात्यातला फोटो

गिरणी कामगारांच्या संपानंतर बऱ्याच वर्षांनी आमचं वृत्तपत्र परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात आलं. जाहिराती, वर्गणीदार आणि जुन्या बातम्या असे तीन डेटाबेस दोन सर्व्हरवर एकत्र चालत. ते सांभाळणं माझं काम होतं.

एका शनिवारी डिलाईल रोडहून एक निवृत्त विणकर आले. त्यांचा गिरणीचा पास हरवला होता. गिरणी कामगारांसाठीच्या घराच्या अर्जासोबत पुरावा म्हणून संपाआधी आमच्या वृत्तपत्रात छापलेला साचाखात्याचा, म्हणजे मागांच्या विभागाचा, फोटो हवा होता आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. पण शनिवारी जाहिरातींचा डेटाबेस सगळी मेमरी खाई. जुन्या बातम्या उघडेनात.

मी कारण सांगितलं, तसे ते हसले. "आमचे साचे पण एकाच फिरत्या दांड्यावर चालायचे रे. एक अडला की पट्टा सरकवून तेवढाच बंद करायचा. बाकीच्यांनी का थांबायचं?"

मी जाहिरातींच्या मेमरीला मर्यादा घातली. जाहिराती संथ झाल्या आणि लगेच त्या विभागातून फोन आला, "काय रे, झोपलास काय?"

फोटो उघडला. मागच्या रांगेत ते होते, दाट काळ्या केसांचे. पण माझ्याशेजारी उभे असलेले ते फोटोतल्या साच्यांकडेच बघत राहिले. मग प्रिंट घेऊन घाईने निघाले.

ती मर्यादा मी पुढे कधीच काढली नाही.