चवीचा रकाना

आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कितीही उकळा, दाणा वेगळाच राहतो. पूर्णेच्या काठचा हा पट्टाच खारा. नवीन लग्न होऊन आले तेव्हा चहातलं दूध फाटलं आणि मला वाटलं, माझ्याच हातानं काही बिघडलं. कोणाला विचारलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली तशी माझी चारचौघांत बोलायची सवयही सुटली. लिहायला जमतं, कारण कागद तोंडाकडे पाहत नाही.

तीन वर्षांपूर्वी यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. म्हणून गावात नळयोजना येणार आणि त्यासाठी गोड पाण्याची एक विहीर निवडणार असं कळलं, तेव्हा पाणी समितीत बाई पाहिजे म्हणून माझं नाव घातलं त्याला मी नाही म्हटलं नाही.

पोरगी अमरावतीला एका लहानशा ऑफिसात नकाशे बनवते. त्यांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोणीही घ्यावं आणि वापरावं. ती चैत्रात घरी आली आणि म्हणाली, "माय, साऱ्या विहिरी फिरू. मी मोबाईलवर जागा घेते, तू चव सांग."

"तू काहून नाही चाखत?"

"मी बाटलीचं पाणी पेणारी. तुयी जीभ खरी."

आम्ही चार दिवस उन्हात फिरलो. मी तीनच शब्द बोलायचे : गोड, मचूळ, खारं. ती लिहून घ्यायची. पोरीच्या पुढे चालताना मला वाटायचं, आपल्यालाही काही येतं.

चौथ्या दिवशी भासऱ्यांच्या विहिरीवर गेलो. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडावर एक शब्द बोललेले नाही. ते अंगणात असले की मी मागच्या दारानं जाते. त्या दिवशी त्यांनी स्वतः पाणी ओढलं, लोटा विसळला आणि पुढे केला. "घ्या. साखर हाय साखर!"

मी पदर ओढून पाणी प्याले. घसा आवळला इतकं खारं. पोरगी मोबाईल घेऊन उभी. "माय?"

वडिलाधाऱ्या माणसानं हातानं दिलेलं पाणी, त्याच्याच विहिरीवर उभं राहून, नावं कशी ठेवणार?

"गोड," मी म्हटलं.

भासरे हसले. पुतणीला म्हणाले, "पायलं? साऱ्या गावाले पाजतो का नाही पाय मी!"

घरी येताच मी पोरीला खरं सांगितलं. ती पोट धरून हसली. "मंग तिथंच काहून नाही बोलली वं?"

"तुया मोठ्याबाबाच्या तोंडावर?"

तिच्या ऑफिसात एक पद्धत आहे. जागेवर घेतलेली नोंद पुसायची नाही, दुरुस्ती शेवटच्या रकान्यात करायची. त्याला ते शेरा म्हणतात. म्हणून चवीच्या रकान्यात 'गोड' तसंच राहिलं आणि शेऱ्यात तिनं 'खारं' लिहिलं. नकाशावर ठिपका मात्र तिनं लाल केला. निळ्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांचं आमचं शिवार मी त्या पडद्यावर कितीदा तरी पाहिलं.

अकोल्याच्या ज्या ऑफिसात योजनेचा आराखडा व्हायचा होता तिथे तिचा नकाशा उघडेना. त्यांच्याकडे कॅड होतं, आराखडे काढायचं विकतचं सॉफ्टवेअर, आणि त्याला त्याच्याच जातीची फाईल लागते. पोरगी आठवडाभर त्याच्याशी झगडली. पहिल्यांदा फाईल गेली तर तिथे आख्खं गाव मोहरीएवढं दिसलं. तिनं मापं मीटरमध्ये बदलली. मग विहिरींच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, आमचं मराठी त्यांच्या कॅडला वाचता येईना. मग रंग गेले, सगळे ठिपके सारखे झाले. शेवटी तिनं प्रत्येक विहिरीजवळ चवीच्या रकान्यातलं एकेक इंग्रजी अक्षर छापायला लावलं, गोडाला G, मचूळाला M, खाऱ्याला K. ती फाईल उघडली. तिथले साहेब म्हणाले, झालं. आम्हालाही वाटलं झालं.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आराखडा लागला. मी पुरुष निघून गेल्यावर पाहायला गेले. नाल्याचं वळण ओळखलं, देवळाचा पार ओळखला. टाकीपासून निघालेली जाड रेघ भासऱ्यांच्या विहिरीत जाऊन थांबली होती. शेजारी G.

मी बोट ठेवून रेघ पुन्हा टाकीपासून पाहिली.

पोरीला फोन केला. तिनं तिकडे फाईल उघडून पाहिली. मग म्हणाली, "माय, चूक मायी हाय. फाईलसंगं चित्र जाते, तक्ता नाही जात. मी एकच रकाना छापला. शेरा इथंच राहिला."

पण तिची कसली चूक? खोटा शब्द माझ्या तोंडचा होता. तो तिच्या कॉम्प्युटरमधून, दोन-तीन फायलींमधून, सगळं गळून जात असताना नेमका तेवढाच शाबूत पोचला.

पुढच्या मशीनच्या दिवशी यांना दवाखान्यात ठेवून मी त्या ऑफिसात गेले. पोरगी अमरावतीहून बसनं आली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी पडद्यावर फाईल उघडून दाखवली.

"ताई, हे तुम्हीच पाठवलंय. यात G आहे."

"सर, शेऱ्यात मी दुरुस्ती केली होती."

"शेरा आमच्याकडे आलाच नाही. गोल आला आणि एक अक्षर आलं. पाण्याचा नमुनाही पास आहे."

"नमुना श्रावणातला हाय, सर. श्रावणात आमच्याकडची कोणतीही विहीर गोड लागते, वरून पावसाचंच पाणी असते."

साहेबांनी विचारलं, "चव कोणी घेतली होती?"

मी फरशीकडे पाहत म्हटलं, "म्या."

"तेव्हा गोड म्हणाल्या?"

"हो."

"आणि आता खारं?"

मी नुसती मान हलवली. पोरगी बोलायला लागली तर त्यांनी हात वर केला. गुरुवारी ते खुणा करायला गावात येणार होते. ज्या बाईनं चव सांगितली तिनं गावासमोर सांगावं आणि दुरुस्त फाईल त्याच वेळी यावी, त्यांच्या कॅडला उघडेल अशी. मग ते नमुना पुन्हा घेतील. नाहीतर खोदकाम सुरू.

मी मोठ्या जाऊबाईंकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना, तुम्हाला ठाऊक आहे. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "मी चाळीस वर्सं थेच पाणी पेऊन राहिली. म्या कधी म्हटलं खारं? तू लय नाजूक जिभेची!"

घरी हे म्हणाले, "दादाले दुखवू नको. मले आता किती दिवस पाणी प्याचं हाय?"

यांना दिवसाला मोजून पाणी द्यावं लागतं. भांडं माझ्या हातात होतं. ते मी यांच्यापुढे ठेवलं आणि चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. खोटं नाही सांगत, त्या चार दिवसांत मला त्या विहिरीवर जाऊन काय काय करावंसं वाटलं ते इथेही लिहिणार नाही.

गुरुवारी साहेब आले. विहिरीभोवती वीस-पंचवीस माणसं, बाई मी एकटी. एक माणूस पांढरी फक्की टाकत रेघ ओढत विहिरीकडे येत होता. भासरे धुवट धोतर नेसून उभे होते, नारळ आणला होता. पोरीला सुट्टी मिळाली नव्हती, ती फोनवर.

"फाईल उघडून बसली हाय, माय. चवीच्या रकान्यात काय लिहू?"

तिला माहीत नव्हतं का? पण ती म्हणाली, "मागं तू जागेवर जे म्हटलं तेच म्या ठेवलं. आता जागेवरूनच सांग."

"खारं," मी म्हटलं.

"ऐकू नाही येऊन राहिलं. जोरात बोल."

साहेब माझ्याकडे पाहत होते. भासरे माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. माझ्या कानात नुसता वारा भरला होता.

"खारं! पाणी खारं हाय. त्या दिवशीबी खारंच होतं. मी खोटं बोलली."

फक्की टाकणारा थांबला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. भासऱ्यांनी नारळ खाली ठेवला. मला नाही, साहेबांना म्हणाले, "सव्वीस वर्सांत पयल्यांदा तोंड उघडलं आमच्या सूनबाईनं. अन् हे बोलली." आणि बांधावरून निघून गेले.

फाईल आली. साहेबांनी लॅपटॉपवर उघडून पाहिली. म्हणाले, "K आला." मग दोरीनं बाटली सोडून पाणी भरून घेतलं, चिठ्ठी चिकटवली आणि गाडीत बसले. रेघ अर्धीच राहिली.

त्याला आता चौदा दिवस झाले. आमच्या वावरात जायची वाट भासऱ्यांच्या बांधावरून आहे, तिथे बोराटीचे काटे आणून टाकलेत. जाऊबाई विहिरीवर दिसल्या तर घागर तिथेच ठेवून घरात जातात. हे माझ्याशी बोलतात, पण दादाचं नाव काढत नाहीत.

यातलं काहीही मी सोसेन. मला भीती दुसरीच आहे. हा मार्गशीर्ष आहे. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत पडत राहिला, विहिरी अजून वरपर्यंत भरल्या आहेत, आणि या दिवसांत ते पाणी चैत्राइतकं खारं नसतं. साहेब बाटली भरत होते तेव्हाच हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी सांगायला हवं होतं की वरचं नका घेऊ, दोर आणखी खाली सोडा. पण तोवर माझं सगळं बोलणं संपून गेलं होतं. नमुना पुन्हा पास झाला तर गावासमोर खोटी मीच ठरेन, आणि नळाला पाणी तेच येईल.

परवा यांना मशीनवर ठेवून हेच सांगायला त्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत गेले होते. अर्धा तास खालीच उभी राहिले. वर गेले नाही.

शनिवारी पुन्हा मशीन आहे.