खिमलालकाकांचं मांजर

खिमलालकाकांना जपानी भाषेतली मोजून तीस वाक्यं येतात आणि त्यातली अठ्ठावीस जेवणाची आहेत. "तिखट किती?" "नान आणखी देऊ?" "सांभाळून, ताट गरम आहे." उरलेली दोन म्हणजे "माफ करा" आणि "थंडी पडली नाही का". एवढ्या भांडवलावर ते नऊ वर्षं जपानातल्या आशिकागात एका हॉटेलाचा तंदूर सांभाळतायत.

माझे बाबा त्याच हॉटेलात कामाला आहेत. आमची खोली आणि काकांची खोली एकाच माडीवर, मधली भिंत पुठ्ठ्याची वाटावी इतकी पातळ. त्यामुळे काकांचं आयुष्य मी अर्धं बघितलंय आणि अर्धं ऐकलंय. मी दहाव्या वर्षी इथे आले, इथल्या शाळेत गेले, आणि आता मला पोस्टमनपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचे आवाज काढता येतात. काका म्हणतात, "रोजिना, तू पोरगी नाहीस, रेडिओ आहेस."

काका नेपाळातल्या बागलुंगचे. आले होते दोन वर्षांसाठी. दर वर्षी दसरा आला की म्हणतात, "पुढचं दशैं घरी." गेले मात्र दोनदाच, आणि दोन्ही वेळा फेब्रुवारीत, कारण गिऱ्हाईक तेव्हा कमी. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. ती गाव सोडणार नाही, आणि तिला सोडून काकांची बायको येणार नाही. काका निघाले तेव्हा मुलगी सिर्जना चार वर्षांची होती. आता तेरा.

सिर्जना फोनवर "हं" म्हणते.

"जेवलीस?" "हं." "पेपर कसा गेला?" "हं." "बूट बसले का गं पायात?" "हं." पलीकडून ऐकून ऐकून त्या "हं"चे मी आठ प्रकार बसवले होते. एकदा काकांना करून दाखवले. हॉटेलातले सगळे पोट धरून हसले. काका हसले नाहीत. कढईत झारा फिरवत राहिले. मी परत कधी दाखवले नाहीत.

पण वर्षातले दहा दिवस वेगळे असतात. घटस्थापनेला सिर्जना तिकडे देवघरात जव पेरते आणि काका इकडे, गाद्या ठेवायच्या कपाटात, दोन तबकांत. उजेड अजिबात लागू द्यायचा नाही, म्हणजे जमरा, म्हणजे त्या जवाचे कोंब, पिवळाधमक उगवतो. दहाव्या दिवशी टिळा लावून तो कानावर खोवायचा. कोणाचा जास्त वाढतो, अशी बापलेकीची पैज. हॉटेल दुपारी दोन तास बंद असतं, तेव्हा साडेतीनच्या ठोक्याला फोन वाजतो, आणि तो ती स्वतः करते.

"बा, किती झाला?"

"चार बोटं."

"माझा पाच! पाणी घालता की नुसते बघत बसता?"

"अगं, हा जपानी जव आहे. आधी वाकून नमस्कार करतो, मग वाढतो."

दहा दिवस असं. अकराव्या दिवसापासून पुन्हा "हं". म्हणून काका त्या कपाटाला देव्हाऱ्यासारखे जपतात. रोज कामावर निघताना एकदा बघतात आणि पुन्हा दार उघडून कपाट नीट लागलंय का तेही बघतात.

पहिल्या वर्षी त्यांनी सुपरमार्केटातला जव आणून पेरला होता. तो भातात घालायचा, सोललेला, दाबलेला. पाच दिवस भक्तीनं पाणी घातलं, सहाव्या दिवशी त्याची आंबील झाली. मग कोणीतरी अक्कल दिली, की इथे मांजरांना खायला गवत उगवतात, त्याचं बी मिळतं, आणि ते बी म्हणजे अख्खा जव. तेव्हापासून काका ते बी आणतात. पाकिटावर जीभ बाहेर काढलेलं गलेलठ्ठ मांजर असतं.

यंदा घोळ त्या पाकिटांनी केला.

आमच्या घरमालकीण होसोयाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात आणि बाईंचे डोळे घारीचे. प्लास्टिकचा कचरा टाकायच्या दिवशी त्यांना मांजराची तीन पाकिटं दिसली. आणि आमच्या इमारतीत प्राणी पाळायला बंदी. त्यांनी काकांना जिन्यात गाठलं. मी मागेच होते, शाळेतून येत.

"सापुकोतासान," काकांच्या आडनावाला जपानी मुरड घालून बाई इतक्या हळू म्हणाल्या की जणू कोणी गेलंय, "घरी पाहुणे आलेत का हो? लहानसे?"

"माफ करा," काका म्हणाले.

"नाही नाही, तक्रार नाही माझी. पण नियमात, बघा... चार पायांचे..."

"थंडी पडली नाही का."

"हो ना! त्यालाही वाजत असेल. आणि खातं काय ते?"

खाणं हा शब्द ऐकताच काका खुलले. आपल्या प्रांतात आले. "तिखट किती?"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! मांजराला तिखट?"

मी मध्ये बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी कठड्याला धरून हसत होते, आणि हसू आवरेपर्यंत बाई वाकून निघूनही गेल्या. पुढचे तीन दिवस मी तो प्रसंग दोघांच्या आवाजात हॉटेलभर करून दाखवत फिरले. बाईंना मात्र जाऊन काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी धुराची घंटा तपासायला माणूस आला. तशी सूचना आठवडाभर आधी दाराला लावली होती. काकांनी ती कचऱ्याचं वेळापत्रक समजून फ्रिजवर चिकटवली होती. त्यामुळे सकाळी दहाला, काका कामावर असताना, होसोयाबाई किल्ली घेऊन त्या माणसाबरोबर खोलीत गेल्या. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "च् च् च्, ये रे बाळा, घाबरू नको." मग कपाट सरकल्याचा आवाज. शाळेला सुट्टी होती; मी झोपेतून उठून धावले तोवर उशीर झाला होता. मांजर काही नव्हतं. बाईंच्या लेखी काळोखात कोमेजलेलं, पिवळं पडलेलं गवत होतं. बाईंनी दोन्ही तबकं उचलून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली होती, वर पाणी शिंपडलं होतं आणि 'मांजरासाठी' अशी चिठ्ठी ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "बिचारं गवत! आता होईल हिरवं. मांजराला हिरवंच आवडतं."

मी तबकं लगेच आत नेली, असं मला लिहायला आवडलं असतं. पण बाई खुर्ची टाकून तिथेच बसल्या होत्या, मांजर उन्हाला येईल म्हणून. मी सगळं समजावलं. त्या "हो का, हो का" म्हणत राहिल्या आणि मग कौतुकानं म्हणाल्या, "किती गं त्या मांजराला पाठीशी घालतेस."

सव्वातीनला काका आले. जमरा पोपटी झाला होता.

काका तबक मांडीवर घेऊन बसले. मग कात्री काढली.

"काका, काय करताय?"

"टोकं जास्त हिरवी आहेत. तेवढीच."

"कापलात तर तोकडा पडेल. हराल."

"मग काय करू, सांग ना! तू रेडिओ ना?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो तीनदा वाजू दिला. मग घेतला आणि कॅमेरा छताकडे धरला.

"बा, छत काय दाखवताय? जमरा दाखवा."

"उद्या बघ. टिळ्यालाच बघ एकदम."

"आत्ता."

काकांनी फोन खाली वळवला. सिर्जना बघत राहिली.

"हिरवा आहे."

"ऊन लागलं, छोरी."

"हं," ती म्हणाली.

तो चौथ्या प्रकारचा होता. त्यानंतर ती फोन आजीकडे देते. काकांचा अंगठा कात्रीत अडकलेला होता आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मी फोन हिसकावला आणि होसोयाबाईंच्या आवाजात, पण नेपाळीत, सुरू झाले, "घरी पाहुणे आलेत का हो? चार पायांचे?" जिना, थंडी, तिखट, कपाट, च् च् च्, सगळं. काकांचं वाक्य आलं की मी त्यांना ढोसायचे, आणि काका मान खाली घालून स्वतःचं वाक्य म्हणायचे. "तिखट किती?"ला सिर्जना हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं. मागून आजी खोकत हसली. काका वर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी आजीनं फोनच्या काचेलाच लाल टिळा लावला, काकांनी कपाळ पुढे केलं आणि हिरवा जमरा स्वतःच्या कानावर खोवला. दशैं संपलं.

अकराव्या दिवशी साडेतीनला काका गादी उलगडत होते. फोन वाजला. मी भिंतीला कान लावला.

"बा, मांजर सापडलं?"

 "नाही अजून. होसोयाबाई शोधतायत."

"मग ऐका. पुढच्या वर्षी मी नाही पेरणार इकडे. तुम्हीच या आणि पेरा. अंधार मी करून ठेवते."

पलीकडे गादी उलगडण्याचा आवाज थांबला. 

"बा? ऐकू येतंय ना?"

"हं," काका म्हणाले.

तो माझ्या आठांतला नव्हता. मी तो अजून काढून बघितलेला नाही.