चढावर लावायचा हात

ही गोष्ट मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. त्या शहाळेवालीचा विषय निघाला की मी बोलणं दुसरीकडे नेत आलो.

ती भाटे गावाहून सायकलमागे दोन चाकांचा गाडा जोडून शहाळी आणायची. शहाळ्यांवर तिच्या दोन मुली, मांडीवर दप्तरं घेतलेल्या. आमच्या घरासमोरचा चढ आला की मुली उतरायच्या, ती सायकल हाताने ओढायची आणि मला हाक मारायची. मी मागून गाडा ढकलायचो.

"ओ काका, ढकलताय की टेकलाय नुसते?"

मुली खिदळायच्या. वर पोचल्यावर ती कधी आभार मानत नसे. "उद्या भाकरी खाऊन या," म्हणायची आणि पॅडल मारायची. बायको गेल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

एका सकाळी मी पुतण्याच्या साखरपुड्याला निघालो होतो. अंगात नवा पांढरा सदरा होता. तिची हाक ऐकली आणि मी औषधाच्या दुकानात शिरून पाठ फिरवली. समोरच्या काचेत सगळं दिसलं. गाडा मागे सरकत होता, थोरलीने धावत येऊन चाकामागे दगड सारला, आणि ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर तिने मला हाक मारली नाही. पुढे सायकलला बॅटरीची मोटर बसवली. आता मुली चढावरही बसूनच जातात. मी रोज फाटकाशी उभा राहतो. "चुकलं माझं," एवढंच म्हणायचं आहे. पण गाडी थांबत नाही, आणि तिला थांबवायला माझ्या तोंडून हाक निघत नाही.