साचेखात्यातील वाफ

सोलापूरची हवा कोरडी. कोरड्या हवेत ताण्याचे, म्हणजे उभे, सूत तुटते. म्हणून गिरणीच्या साचेखात्यात, जिथे कापड विणले जाई, छताखालच्या नळांतून वाफ सोडीत. साचेवाल्यांचे सदरे अंगाला चिकटत. सुटीचा भोंगा झाला की माणसे तशीच ओल्या अंगाने थंडीत घरी जात.

माझा थोरला भाऊ तिथे दोन साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवी. मी त्याच खात्याच्या कचेरीत कारकून होतो. वडील गेल्यावर मला शिकविले ते त्याने. त्याला खोकला होता. मजुरी विणलेल्या कापडावर मिळे. सूत तुटले की साचा थांबे आणि मजुरीही थांबे. तेव्हा वाफ त्याला हवी होती, आणि त्या वाफेनेच त्याची छाती भरत चालली होती. हे आम्हा दोघांना ठाऊक होते. घरात त्यावर बोलणे होत नसे.

पुढे सरकारने वाफेला मर्यादा घातली. साचेखात्याच्या भिंतीवर दोन नळ्यांचा उष्णतामापक टांगला गेला. एक नळी कोरडी. दुसरीच्या बुडाशी कापडाची वात, आणि वातीचे टोक पाण्याच्या कुपीत. हवा कोरडी असली की ओल्या वातीमुळे दुसरा पारा बराच खाली राही. हवेत ओल वाढली की दोन्ही पारे जवळ येत. ठराविक अंतराहून जवळ आले की वाफ बंद करावी, असा हुकूम होता.

मॅनेजरांना तो मान्य नव्हता. ते म्हणत, "भांडवल मालकाचं, जोखीम मालकाची. जपानचं कापड आमच्याहून स्वस्त विकतं, ते सरकारला दिसत नाही. आमची वाफ दिसते. ज्याला सोसत नाही त्यानं येऊ नये. कुणाला बांधून ठेवलंय?"

यात खोटे काही नव्हते. भावाला कुणी बांधले नव्हते.

कुपीत रोज सकाळी पाणी भरण्याचे काम माझ्याकडे होते. साचेवाल्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. भावाच्या शेजारच्या साच्यावर तेलुगू घरातला एक विणकर होता. तो एकदा भावाला म्हणाला, "अण्णा, तुझा भाऊ त्या काचेला रोज पाणी पाजतो. ती पिते, आणि साहेबाला चहाडी सांगते, हितं लई ओल हाय म्हणून."

"मग उपाशी ठेवू की तिला," भाऊ म्हणाला. हे बोलणे मला मागाहून कळले.

चैत्रातल्या एका सकाळी मी दुसऱ्या खात्यात कापड मोजायला गेलो असता भावाने कुपी रिकामी केली आणि वात धोतराच्या सोग्याने पुसून कोरडी केली. कोरडी वात पाऱ्याला थंड करीत नाही. दोन्ही पारे एका रेषेत आले. म्हणजे पाहणाऱ्याच्या लेखी हवेत ओल मावेनाशी झाली. सरकारी तपासनीस गावात आल्याची वार्ता होती. मॅनेजरांनी पारे पाहिले आणि घाईने सारी वाफ बंद करविली. दुपारभर साऱ्या खात्यात सूत तुटत राहिले.

मी परतलो तेव्हा तपासनीस येऊन पोचले होते. त्यांनी पारे पाहिले आणि वातीला बोट लावले.

"ही कुणी पुसली?"

भाऊ साचा थांबवून पुढे आला. "म्या पुसली, साहेब. ओल दिसू नये म्हणून."

मॅनेजर संधी सोडणारे नव्हते. "पाहा साहेब, वाफ मजुरालाच हवी आहे. तो राजी, आम्ही राजी. मध्ये सरकार कशाला?"

तपासनिसांनी भावाला विचारले, "खोकला केव्हापासून आहे?"

"खोकला माजा हाय, साहेब. त्याची तक्रार म्या केली न्हाय."

"तुम्ही करणार नाही. म्हणून तर ही काच टांगली."

"मग बुडाली मजुरी सरकार देनार का?"

त्यांनी कुपीत पाणी भरायला सांगितले. वात भिजवविली, पारे पुन्हा पाहिले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी भावाला कामावरून काढले. मी तपासनिसांना डाकबंगल्यावर जाऊन भेटलो. ते म्हणाले, "वाफ किती सोडावी ते कायदा सांगतो. कुणाला ठेवावे, कुणाला काढावे, ही मालकाची मर्जी. तिथे माझा हात पोचत नाही." माणूस सरळ होता. त्यांनी मला बसायला सांगितले. मी बसलो नाही.

भाऊ शहरातल्या एका विणकराच्या घरी हातमागावर लागला. कायदा मोठ्या कारखान्यांपुरता होता; घरातल्या मागाची चौकशी कुणी करीत नसे. मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात तो स्वतः पाणी शिंपडी आणि त्या ओलीत दिवसभर विणी. सूत तिथेही कोरडे पडले की तुटते.

गिरणीने पुढे हवा खेळविणारे पंखे आणि नवी यंत्रे बसविली. मालक बुडाला नाही. चांगले साचेवाले कमी पडू लागले तेव्हा मॅनेजरांनी भावाला निरोप धाडला. तो मीच घेऊन गेलो, आणि आता तिथे श्वास घेता येतो, हेही सांगितले.

"न्हाय येत," तो म्हणाला. "तितं भोंगा वाजला की पळायचं. हितं दम लागला तर बसतो. कोन इचारतंय?"

"बसतोस केव्हा?" मी विचारले.

तो हसला. त्याला उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने पुन्हा विणायला धोटा उचलला.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. मागावर लुगडे अर्धे राहिले होते. ते घरधन्याने पुरे केले.