भूल उतरेपर्यंतची मांडी

हे गेले तो दिवस मंगळवार होता. चहा घेतला, वर्तमानपत्र उघडलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

तेरावं झाल्यावर समोरच्या बंगल्यातल्या बेन भेटायला आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना आमच्या तीन पायऱ्याही भिंत धरून चढाव्या लागल्या. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "भाभी, साहेबनो फोटो जोयो. केवी सरस पलाठी वाळीने बेठा छे! एटले में पण नक्की कर्युं."

ह्यांचा मांडी घालून बसलेला फोटो त्यांनी क्लिनिकमध्ये पाहिला होता, आणि त्याच्या भरवशावर त्या पुढच्या आठवड्यात ह्यांनी घेतलेलं तेच गुडघ्यांचं इंजेक्शन घेणार होत्या.

तो फोटो काढला तेव्हा मी तिथे उभी होते.

ह्यांचं सगळं आयुष्य जमिनीवर गेलं. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणं हे ह्यांचं काम. पोथीची पानं सुटी असतात. चार पोथ्या एकत्र वाचायच्या तर चहूकडे कापड अंथरून पानं मांडायची आणि मधोमध मांडी घालून बसायचं. पानं उडू नयेत म्हणून बडोद्याच्या मे महिन्यातही आमच्या त्या खोलीत पंखा बंद असे. साठीनंतर गुडघे झिजले. हाडांच्या डॉक्टरांनी सांधे बदलायचा सल्ला दिला. "चालाल छान. फक्त खाली बसणं विसरायचं."

"मग चालत जाऊ कुठे?" ह्यांनी विचारलं.

त्या वर्षांत शहरात रोज काही ना काही नवं उघडत होतं. मॉल उघडले, जिम उघडल्या, काचेच्या दारांचे दवाखाने उघडले. परदेशात मिळतं ते सगळं आता इथेच मिळतं, असं लोक अभिमानाने सांगत. त्यातल्याच एका दवाखान्यात आम्ही गेलो. डॉक्टर तरुण होता आणि आमच्याशी मराठीत बोलला. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि गुडघ्यात सोडायच्या. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, आपोआप भरून येते. "काका, पुन्हा पोथ्यांत बसाल."

मी घरी थोडं वाचून गेले होते. विचारलं, "हे कुठे सिद्ध झालंय का?"

तो हसला. "काकू, सिद्ध व्हायला वीस वर्षं लागतात. काकांकडे आहेत का वीस वर्षं?"

ह्यांच्याकडे नव्हती. ह्यांनी होकार दिला.

इंजेक्शन झाल्यावर, गुडघ्यांतली भूल कायम असतानाच, डॉक्टर म्हणाला, "बसा बघू आता खाली." त्याने चटई मागवली. हे बसले. दुखत नव्हतं. इतक्या वर्षांनी मांडी घालून बसल्यावर माणूस हसणारच. तेवढ्यात फोटो निघाला. रात्री भूल उतरली आणि ह्यांना पलंगावरून उठवेना. सहा महिने थांबा, क्लिनिकवाले म्हणाले. थांबलो. मग म्हणाले, वयाचा दोष आहे. हे तेवढ्यावरही विनोद करत. "पेशी माझ्याच ना? मग त्यांना कसली आलीय घाई?" मांडी काही पुन्हा जमली नाही. शेवटपर्यंत पोथ्या माळ्यावर राहिल्या.

बेनना मी सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे दयेने पाहत राहिल्या. दुःखात बाई काहीही बोलते, असं त्यांना वाटलं असावं. फोटोतलं ह्यांचं हसू त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमध्ये गेले. फोटो बाहेरच्या खोलीत, रुग्ण बसतात त्यांच्या बरोबर समोर लावलेला होता. तो काढायला सांगितला. डॉक्टर म्हणाला, "काकू, काकांना गुण आला होता. तुमच्यादेखत मांडी घातली त्यांनी."

"भूल उतरेपर्यंत."

"लोकांना आशा मिळते हो त्या फोटोने."

"मग स्वतःचा लावा."

त्याने पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. मी बाहेर येऊन फोटोखालच्या खुर्चीवर बसले आणि पिशवीतून पुस्तक काढलं. कुणी फोटोकडे पाहिलं की पुस्तक मिटायचं आणि सांगायचं, हे माझे यजमान. हा फोटो सुईनंतर लगेच काढलाय, गुडघे बधिर असताना. त्यानंतर हे कधी खाली बसू शकले नाहीत. आधी मराठीत सांगायचे, मग गुजरातीत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मासी, अहीं पेशंट बेसे छे." मी तिला माझाही दुखरा उजवा गुडघा दाखवला.

संध्याकाळी दीर घरी आले. "वहिनी, वर्ष तरी होऊ द्या. लोक काय म्हणतील?"

"वर्षभर ते ह्यांच्या तोंडून खोटं बोलतील, भावजी."

"अहो, गेलेला माणूस कुठे बोलतो?"

"तिथे बोलतोय. जाऊन ऐका."

ते गेले नाहीत. मी मात्र रोज गेले. आयुष्यात कधी दुकानदाराशी भाव केला नव्हता, पण तिथे अनोळखी माणसांशी बोलताना माझा आवाज कापला नाही. एका सकाळी बेन त्यांच्या मुलाबरोबर आल्या. इंजेक्शनचाच दिवस होता. मला तिथे पाहून थबकल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही; शेजारच्या गृहस्थांना सांगत होते तेच पुढे सांगत राहिले. बेननी शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलाला म्हणाल्या, "चाल, घेर जईए." इंजेक्शन न घेताच दोघं घरी गेली.

त्याच आठवड्यात फोटो उतरला. मी गेले तेव्हा भिंत रिकामी होती. पुस्तकाची थोडी पानं उरली होती. ती तिथेच बसून संपवली आणि घरी आले.

मूळ पेशींनी गुडघे बरे होणारच नाहीत, असं मी म्हणत नाही. उद्या होतील, तर ते मांडी घातलेल्या फोटोशिवायही पटवून देता येईल.

क्लिनिक आता मोठ्या इमारतीत आहे. तिथल्या भिंतींवर पुष्कळ फोटो आहेत. ह्यांचा नाही. बेन आणि मी सकाळी कोपऱ्यापर्यंत चालतो. दोघींचेही गुडघे दुखतात.