मोठ्या सिस्टरांची झडप

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. सर्जनने हात पुढे करायच्या आत सुईदोरा हातात, आणि त्याने उगाच दुसरा मागितला तर डोळे असे वटारायच्या की बिचारा पहिल्यावरच भागवायचा. ऑपरेशनपुरतं हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं मशीन मी चालवतो, म्हणून मी ‘पंपवाले’. “पंपवाले, झोप लागली का?” बावीस वर्षं ऐकतोय. कान किटले.

गेल्या वर्षी त्यांना जिन्यात धाप लागायला लागली. बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचल्या की भिंतीवरची नोटीस वाचत उभ्या राहायच्या. तीच नोटीस, रोज! शेवटी मीच कडाकडा भांडलो, तेव्हा तपासणीला तयार झाल्या. हृदयातली मायट्रल झडप गळत होती. तिला धरून ठेवणारी एक दोरी तुटलेली, त्यामुळे रक्त उलटं फिरत होतं.

“बदलायची नाही,” त्यांनी सर्जनला बजावलं. “माझीच नीट करा. धातूची बसवलीत तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि सारख्या तपासण्या. मला कोण नेणार-आणणार?”

“आणि नाहीच जमलं तर?”

“न जमायला काय धाड भरली? सामान मी लावून ठेवते.”

आणि खरंच, आदल्या दिवशी स्वतःच्या ऑपरेशनचे दोरे, सुया, झडपेला आधाराला शिवायच्या कड्या बाईंनी स्वतः मोजून लावल्या.

“सोबत कोण येतंय?” मी विचारलं.

“भाऊ.”

“कुठला भाऊ? कधी ऐकला नाही.”

“तुम्हाला नसत्या चौकशा कशाला? तुम्ही पंप बघा.”

दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं आणि त्यांचं रक्त माझ्या हातात आलं. पंपाच्या नळ्या मी तीन-तीनदा तपासल्या, खोटं कशाला सांगू? सर्जनने तुटल्या जागी नवे दोरे ओवले, झडपेच्या कडेने कडी शिवली, मग आत सलाईन भरून पाहिलं. सगळे वाकले. थेंबही परत आला नाही. हृदय पुन्हा चालू झाल्यावर सोनोग्राफीतही गळती दिसेना. माझा जीव भांड्यात पडला.

“नातेवाइकांना कळवा,” सर्जन म्हणाले.

एरवी हे काम मोठ्या सिस्टरांचं. पंप बंद करून मी त्यांची फाइल उघडली. जवळचा नातेवाईक: भाऊ. पुढे नंबर. मोबाइलवरून लावला, तर थिएटरच्या भिंतीवरचा फोन खणखणायला लागला.

“अरे, उचला कुणीतरी!” टाके घालता घालता सर्जन ओरडले.

मी मोबाइल बंद केला. भिंतीवरचा फोनही थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तोच वाजला. एवढी वर्षं लोकांच्या नातेवाइकांना ज्या फोनवरून कळवलं, त्याचाच नंबर बाईंनी लिहिला होता. भाऊ-बिऊ कुणी नव्हताच, मग दुसरा नंबर लिहिणार तरी कुठला? मला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षं शेजारी उभा होतो, पण या बाई राहतात कुठे तेही मला ठाऊक नव्हतं.

“लागला का? काय म्हणाला भाऊ?” सर्जनने विचारलं.

“घरी न्यायला येतो म्हणाला,” मी सांगितलं, आणि फाइलवरचा पत्ता उतरवून घेतला.